थायरॉईड आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना अश्वगंधा: परिणाम, मात्रा, धोके

विचारलेलं थोडक्यात असं आहे. आईंचं वय ५८. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. थायरॉईड कमी असल्यामुळे लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. काही महिन्यांपासून थकवा आहे, झोप तुटक लागते. नात्यातल्या कुणीतरी रात्री दुधातून अश्वगंधा घ्यायला सांगितलं, आणि घरात अश्वगंधाच्या कॅप्सूलही येऊन पडल्या आहेत. साखर उतरेल का, थायरॉईडची गोळी सुटेल का, आणि यकृत बिघडतं असं ऐकलं ते खरं का, हे तीन प्रश्न.

आधी थेट उत्तरं. साखर थोडी उतरू शकते, पण मधुमेहाचं औषध म्हणून अश्वगंधेवर विसंबू नये. थायरॉईडची गोळी सुटणार नाही. उलट अश्वगंधेमुळे थायरॉईडचे आकडे हलू शकतात, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष तिथेच ठेवायला हवं. यकृताला इजा होते हे खरं आहे. ती क्वचित होते, पण झाली तर गंभीर ठरू शकते. ज्यांचं यकृत आधीच आजारी आहे त्यांच्यात ती प्राणावर बेतली आहे. म्हणून अश्वगंधा द्यायचीच असेल तर औषधासारखी द्या: आधी तपासण्या, ठरलेली मात्रा, ठरलेली मुदत आणि मध्ये पुन्हा तपासणी.

पण त्याआधी थकव्याचं कारण शोधा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी होणं नेहमीचं आहे, आणि शाकाहारी माणसात तर ते अधिकच. बी१२ उतरलं की थकवा, पायांना मुंग्या, चिडचिड, विसरभोळेपणा अशा तक्रारी येतात, आणि यातली एकही अश्वगंधेने भरून निघत नाही. हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) एवढं एकदा करून घ्या. टीएसएच ७ किंवा ८ आलं तर थकव्याचं उत्तर लिव्होथायरॉक्सिनच्या मात्रेत आहे, किंवा ती गोळी घेण्याच्या पद्धतीत. सकाळी गोळी घेऊन दहाव्या मिनिटाला दुधाचा चहा पिणाऱ्यांची गोळी पुरती शोषलीच जात नाही. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही खाऊ-पिऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्यात. एवढ्या एका दुरुस्तीने पुष्कळांचा थकवा जातो.

तुटक झोपेचंही तसंच. रात्री दोन-तीनला घामाने जाग येत असेल, छातीत धडधडत असेल, तर त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजा. ग्लिमेपिराइडमुळे रात्री साखर घसरत असेल आणि त्यावर झोप यावी म्हणून अश्वगंधा दिली, तर आपण धोक्याची खूण झाकून टाकतो. मोठ्याने घोरणं, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागणं, सकाळी डोकं जड असणं ही लक्षणं असतील तर झोपेत श्वास अडकतो का, ते पाहायला हवं.

हे सगळं पाहून झालं, ठोस कारण सापडलं नाही, किंवा सापडून त्यावर उपचार सुरू झाले आणि तरी ताण, अशक्तपणा, उथळ झोप उरली, की मग अश्वगंधेचा विचार करायला हरकत नाही.

आता ती शरीरात काय करते ते पाहू. वनस्पती वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातली. औषधात वापरायचं ते मूळ. त्यातल्या मुख्य द्रव्यांना विथॅनोलाइड म्हणतात. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय या दोन्ही गणांत येते, म्हणजे ताकद देणारी आणि शरीर भरून आणणारी. दूध-तुपाबरोबर ती कृश माणसाला द्यायची, हा तिचा मूळ उपयोग. आज तीच वजन उतरवण्यासाठी विकली जाते. ताणाखाली असलेल्या ५२ प्रौढांवर ८ आठवड्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्काच्या गटाचं वजन औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं, पण फरक एक-दीड टक्क्याचा होता. ताणापोटी अवेळी खाणं कमी झालं की एवढं वजन उतरतंच. स्थूल माणसाने रोज रात्री ग्लासभर साय असलेलं दूध, दोन चमचे साखर आणि अश्वगंधा सुरू केली तर वजन वाढेल, आणि शास्त्राप्रमाणे तेच अपेक्षित आहे.

ताणाच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी आहे. २०१२ साली भारतात ६४ जणांवर झालेल्या चाचणीत मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दोन वेळा, असा ६० दिवस दिला. रक्तातलं कॉर्टिसॉल अर्काच्या गटात सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्क्यांनी. साखरेवर जो परिणाम दिसतो, त्याचा एक मार्ग बहुधा इथूनच जातो. कॉर्टिसॉल यकृताला साखर तयार करून रक्तात सोडायला लावतं आणि इन्शुलिनचा जोर कमी करतं. ते उतरलं, झोप सुधारली, की सकाळची उपाशीपोटीची साखर थोडी खाली येते. ज्यांची साखर ताणामुळे आणि जागरणामुळे चढलेली आहे त्यांच्यात हा फरक दिसण्याची शक्यता जास्त. ज्यांची साखर जेवणातल्या भात-पोळीच्या मापामुळे चढलेली आहे त्यांच्यात फारशी अपेक्षा ठेवू नये.

मधुमेहावरच्या ज्या अभ्यासाचा दाखला जाहिरातींत हमखास येतो तो २००० सालचा आहे. त्यात मुळाचं चूर्ण ३० दिवस दिलं, आणि साखरेतला उतार मधुमेहाच्या गोळीच्या तोडीचा होता असा निष्कर्ष आला. पण त्यात मधुमेहाचे रुग्ण होते ६. सहा जणांच्या जोरावर कुणाची गोळी बंद करायची नसते. २०१३ साली मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्या आणि त्यामुळे साखर व चरबी वाढलेल्या ३० रुग्णांवर महिनाभराचा एक अभ्यास झाला, अर्क ४०० मिलिग्रॅम तीन वेळा. उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरली. दिशा तीच आहे, पण मुदत महिन्याची आणि संख्या तुटपुंजी. उंदरांवरचे निकाल याहून फारच झगझगीत आहेत. २०१६ साली विथाफेरिन ए या घटकाने लठ्ठ उंदरांचं वजन आणि साखर दोन्ही उतरवलं. पण तो शुद्ध केलेला एक घटक होता आणि सुईने टोचला होता. चमचाभर चूर्णाशी त्याचा संबंध जोडणं चूक आहे.

तुमच्या आईंसाठी या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा ७० च्या खाली जात नाही. ग्लिमेपिराइडने जाते. तिच्यावर अश्वगंधेचा थोडा उतार चढला आणि त्या दिवशी जेवण लांबलं किंवा उपास घडला, तर हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम भूक, गोंधळल्यासारखं होणं असे प्रकार होऊ शकतात. म्हणून पहिले तीन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर आठवड्यातून किमान तीन दिवस मोजा आणि वहीत लिहा. ७० च्या खाली आकडा आला तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरल्यावर काहीतरी खायला द्या. तीन आठवड्यांत असं एकदा जरी झालं तरी अश्वगंधा थांबवून डॉक्टरांना वही दाखवा. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवतच नाही, घाम तेवढा येतो. हे घरातल्यांना माहीत असायला हवं.

थायरॉईडकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. अश्वगंधेने थायरॉईडचे हार्मोन वाढतात हे इंदूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांत दाखवलं. माणसांत २०१८ साली ५० जणांवर चाचणी झाली. त्यांचं टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये होतं, म्हणजे थायरॉईड नुकतंच मंदावायला लागलेलं. रोज ६०० मिलिग्रॅम अर्क, ८ आठवडे. टीएसएच उतरलं, टी३ आणि टी४ हे थायरॉईडचे हार्मोन वाढले. हे वाचून लोक गोळी सोडतात. पण त्या ५० जणांची ग्रंथी बऱ्यापैकी काम करत होती. ज्यांची ग्रंथी आजाराने झिजली आहे किंवा शस्त्रक्रियेने काढली आहे, त्यांच्यात अश्वगंधा चालना देणार कशाला? आणि ज्यांची ग्रंथी अर्धीमुर्धी चालते आहे व वरून गोळीही आहे, त्यांच्यात दोन्ही मिळून हार्मोन गरजेपेक्षा जास्त होऊ शकतं. नेदरलँड्समध्ये २००५ साली एका ३२ वर्षांच्या बाईंची नोंद झाली. अश्वगंधेच्या कॅप्सूलमुळे त्यांच्यात थायरॉईड वाढल्याची लक्षणं आली आणि कॅप्सूल थांबवल्यावर ती गेली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी थायरॉईडचं हार्मोन जास्त होणं क्षुल्लक नसतं. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं विरळ होतात, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. यातली फसवणूक अशी की हार्मोन किंचित जास्त झालं की सुरुवातीला माणसाला बरं वाटतं. हुशारी येते, वजन किलोभर उतरतं, आणि टॉनिक लागू पडलं असा समज होतो. पुढे झोप उडते, हात कापतात, शौचाला जास्त वेळा जावं लागतं, जिना चढताना छाती धडधडते. म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर न थांबता सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ करायचं. एरवी त्याआधी करण्यात फारसा अर्थ नाही, कारण टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला साधारण सहा आठवडे घेतं.

टीएसएच ०.४ च्या खाली आलं तर क्रम असा: आधी अश्वगंधा बंद, लिव्होथायरॉक्सिनची मात्रा तीच, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. दोन्ही एकदम बदलली तर कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढचे सहा महिने मात्रेच्या खाली-वर करण्यात जातात. अपवाद एकच: धडधड, ठोका चुकणं, छातीत दुखणं असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे अनेकांचे रिपोर्ट चुकतात. केस-नखांसाठी म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यात बायोटिन भरपूर असतं, आणि हल्ली अशा कित्येक गोळ्यांत अश्वगंधाही घातलेली असते. बऱ्याच प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट हुबेहूब थायरॉईड वाढल्यासारखा येतो. रक्त देण्याआधी अशी गोळी किमान दोन दिवस बंद ठेवा.

आता यकृत. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या ५ रुग्णांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि तीव्र खाज. पाचही जण बरे झाले, पण त्याला काही महिने लागले. २०२३ साली भारतातल्या यकृततज्ज्ञांनी आपल्याकडचे रुग्ण मांडले. अश्वगंधेखेरीज दुसरं काहीही न घेतलेले ८ जण त्यात होते. त्यातल्या ५ जणांना आधीपासून यकृताचा जुना आजार होता, आणि त्यांतले ३ दगावले. डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधेवर बंदीच घातली. त्या बंदीमागे थायरॉईड, प्रजननाशी संबंधित हार्मोन आणि गर्भपाताची शक्यता ही कारणं होती, आणि तिचा आधार ठरलेल्या अहवालावर आपल्याकडच्या आयुर्वेद क्षेत्रातून आक्षेपही घेतले गेले. बंदी योग्य की अयोग्य या वादात रुग्णाचा वेळ दवडू नये. कोट्यवधी लोक अश्वगंधा घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं. ज्या थोड्यांना होतं त्यांच्यात ते वेळेत ओळखणं, हे आपल्या हातात आहे.

ही इजा बहुतांशी मात्रेवर ठरत नाही. ज्याच्या शरीराला ती सोसत नाही त्याला नेहमीच्या मात्रेतही होते. म्हणून ‘थोडीच घेते’ हे संरक्षण नव्हे. लक्षणांचा क्रम लक्षात ठेवा. भूक मंदावते, मळमळ होते, मग अंगाला खाज सुटते, विशेषतः तळहात-तळपायांना आणि रात्री. लघवी गडद होते, शौच फिकट होतं, आणि डोळे पिवळे दिसतात ते सगळ्यात शेवटी. पुरळ नसताना खाज आणि गडद लघवी एवढ्यावरच औषध बंद करायचं, त्याच दिवशी एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करायच्या. एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं, म्हणजे साधारण १२० च्या पुढे, किंवा बिलिरुबिन २ च्या वर गेलं, तर यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. एकदा असं झालेल्या माणसाला अश्वगंधा पुन्हा कधीही द्यायची नाही, ‘दुसऱ्या कंपनीची’ म्हणूनही नाही. दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जास्त जोराने होऊ शकते.

मधुमेहींमध्ये यकृतावर चरबी असणं फार सर्रास आहे. तुमच्या आईंची सोनोग्राफी झाली नसेल तर आधी यकृताच्या तपासण्या करा. नुसती चरबी आणि एसजीपीटी ठीक असेल तर सावधपणे द्यायला हरकत नाही. एसजीपीटी आधीच ८० असेल, प्लेटलेट कमी असतील, किंवा सिरोसिसचं निदान असेल, तर अश्वगंधेचा विषय तिथेच संपवा.

मात्रेबद्दल फार गोंधळ आहे, तो आकड्यांनी सोडवू. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. चूर्णात विथॅनोलाइड ०.३ टक्के धरले तर ५ ग्रॅमात १५ मिलिग्रॅम होतात. अर्काच्या कॅप्सूलवर ‘५ टक्के विथॅनोलाइड, ३०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, म्हणजे तिच्यातही १५ मिलिग्रॅम. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे ३०. काही अर्क ३५ टक्क्यांपर्यंत तीव्र केलेले असतात. तिथे ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे १०५ मिलिग्रॅम. म्हणून कॅप्सूलचे मिलिग्रॅम पाहून तुलना करू नका, टक्क्यांशी गुणाकार करा. आणि रात्री चूर्णाचं दूध व सकाळी कॅप्सूल असं दुहेरी तर नकोच. टक्केवारी छापलेली नसलेली कॅप्सूल बाजूला ठेवा.

तुमच्या आईंसाठी सुरुवात चूर्णाने करावी असं माझं मत आहे. पहिला आठवडा रात्री २ ग्रॅम, पचलं तर दुसऱ्या आठवड्यापासून ३ ग्रॅम, आणि तिथेच थांबायचं. सहापर्यंत जायची गरज नाही. सपाट छोट्या चमच्यात साधारण अडीच ते तीन ग्रॅम चूर्ण बसतं, शीग लावली तर पाचपर्यंत जातं, म्हणून एकदा काट्यावर मोजून आपला चमचा ठरवून घ्या. रात्रीची वेळ दोन कारणांनी बरी: थोडी गुंगी येते ती झोपेत जिरते, आणि सकाळच्या थायरॉईडच्या गोळीपासून दूध लांब राहतं.

दुधात उकळून घ्यायचं असेल तर चूर्णाऐवजी मुळाची भरड घ्या. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात क्षीरपाकाचं, म्हणजे औषध दुधात उकळण्याचं, प्रमाण औषधाच्या आठपट दूध आणि बत्तीसपट पाणी असं आहे, म्हणजे ५ ग्रॅम भरडीला ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, अधूनमधून हलवत, पाणी आटून फक्त दुधाएवढं उरेपर्यंत उकळा आणि गाळा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बारीक चूर्ण घालून उकळलं तर मुळातल्या पिठूळ अंशाने ते खिरीसारखं दाटतं, गाळता येत नाही, आणि सगळा चोथा पोटात जाऊन जडपणा येतो. आच मोठी ठेवली तर पाणी आटण्याआधी दूध बुडाला लागतं आणि आधीच कडवट-तुरट असलेली चव घशाखाली उतरत नाही. घाई असेल तर चूर्ण नुसत्या कोमट पाण्याबरोबर घेतलं तरी चालतं.

साखर, गूळ, मध यांपैकी काही घालू नका. २०० मिलिलिटर दुधात स्वतःचीच १० ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा असते. त्यावर दोन चमचे साखर म्हणजे आणखी १० ग्रॅम, आणि मग उपाशीपोटीची साखर चढली की दोष अश्वगंधेवर येतो. चवीला वेलदोडा पुरे.

अश्वगंधारिष्ट (आंबवून केलेलं पातळ औषध) आणि अवलेह (चाटण) मधुमेहीने टाळावेत. अरिष्टाच्या मूळ पाठात अश्वगंधा ५० पल आणि मध ३०० पल (पल हे जुनं वजनाचं माप) आहे. मधाचा काही भाग आंबून मद्य होतं, उरलेला गोडच राहतो. अशा अरिष्टात साधारण ५ ते १० टक्के स्वयंनिर्मित मद्य असतं. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला आणि यकृताच्या रुग्णाला ते दोन्ही अंगांनी नडतं. अवलेहात तर साखरच मुख्य द्रव्य.

पोट बिघडलेलं असताना अश्वगंधा सुरू करू नका. जिभेवर पांढरा थर, भूक नाही, पोट जड, शौच चिकट अशा अवस्थेत ती पचत नाही. मळमळ आणि सैल शौच होतात आणि लोक म्हणतात औषध बाधलं. आठवडाभर हलकं जेवण, सुंठ घालून उकळलेलं पाणी, रात्रीचं जेवण लवकर, एवढं करून मग सुरू करा. ज्यांना सतत आम्लपित्त होतं, तोंड येतं, अंगाची आग होते, त्यांना ती उष्ण पडते. त्यांनी तुपाबरोबर, कमी मात्रेत, किंवा घेऊच नये.

विकत घेताना डबीवर ‘मूळ’ असा स्पष्ट उल्लेख हवा. पानांत विथाफेरिन ए जास्त असतं आणि हे द्रव्य पेशींना मारक आहे. पानं मुळापेक्षा स्वस्त, त्यामुळे ती अर्कात जातात. आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली होती. मुळाचं चूर्ण मळकट पांढरं ते फिकट तपकिरी असतं. हिरवट झाक दिसली तर पानं किंवा देठ मिसळले आहेत. अख्खं मूळ मिळालं तर सर्वात उत्तम. नीमच-मंदसौरकडून येणारं चांगलं मूळ बोटाएवढं जाड, सरळ असतं, मोडताना कट्‌कन तुटतं आणि आत पांढरं दिसतं. लवचीक, काष्ठासारखं धागेदार मूळ जुनं झालेलं असतं. बारीक भोकं पडली असतील तर कीड आहे, घेऊ नका.

जड धातूंची काळजी चूर्णात जास्त घ्यावी लागते, कारण ते ग्रॅममध्ये पोटात जातं. वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडे शिशाची मर्यादा दर किलोला १० मिलिग्रॅम, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ आहे. शिसं अगदी मर्यादेवर असलेलं चूर्ण ६ ग्रॅम घेतलं तर दिवसाला ६० मायक्रोग्रॅम शिसं जातं, आणि रोज महिनोन्‌महिने घ्यायला ते नक्कीच जास्त आहे. बोस्टनमध्ये दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं होतं. त्यामुळे परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असलेली डबी घ्या आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल कंपनीकडे मागा. चांगले उत्पादक तो देतात. सुटं, बिननावाचं चूर्ण नको. कवचबीज, गुग्गुळ, शिलाजित, मुसळी असं सगळं एकत्र घातलेली ‘शक्तिवर्धक’ मिश्रणंही नकोत. कवचबीजात लेव्होडोपा हे कंपवातावरचं औषधी द्रव्य असतं, गुग्गुळ थायरॉईडला स्वतंत्रपणे हलवू शकतो, आणि काही बिघडलं तर नेमकं कशामुळे हे शोधता येत नाही.

कुणाला अजिबात देऊ नये? गरोदर बाईला नाही. आपल्याकडे बाळंतिणीला देण्याची रीत आहे, त्यावरून गरोदरपणातही चालते असा समज होतो. तो धोक्याचा आहे. थायरॉईड वाढलेला असेल तर नाही. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या, टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या रुग्णाला नाही, कारण प्रतिकारशक्ती चाळवली तर बसवलेला अवयव शरीर नाकारू शकतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात नाही. ४० ते ७० वयाच्या पुरुषांवरच्या २०१९ च्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि तो कर्करोग याच हार्मोनवर वाढतो. आमवात, ल्युपस यांसारखे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारे आजार असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या किंवा फिटांची औषधं चालू असतील तर गुंगी वाढते, पडायची भीती असते. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे बंद. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांच्या रक्तातल्या डिगॉक्सिनचा आकडा काही तपासणी पद्धतींत अश्वगंधेमुळे चुकीचा येतो, हेही त्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

वेळापत्रक असं ठेवा. सुरू करण्याआधी वरच्या तपासण्या आणि यकृताच्या तपासण्या. वजन, रक्तदाब, विश्रांतीतली नाडी वहीत. पहिले तीन आठवडे साखरेची नोंद. चौथ्या आठवड्यात एसजीपीटी आणि बिलिरुबिन. आठव्या आठवड्यात टीएसएच, फ्री टी४, यकृताच्या तपासण्या आणि नाडी. विश्रांतीत नाडी आधीपेक्षा दहा-पंधरा ठोक्यांनी वाढून टिकली असेल तर टीएसएच लवकर करा. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनीच, कारण ते त्या मागच्या तीन महिन्यांचीच सरासरी दाखवतं. बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांच्या आहेत, त्यामुळे बारा आठवड्यांनंतर बंद करा आणि किमान तेवढाच काळ मध्ये जाऊ द्या. बंद केल्यावर चार-सहा आठवड्यांनी टीएसएच आणखी एकदा पाहा. घेत असताना ते उतरलं असेल आणि त्यावरून कुणी लिव्होथायरॉक्सिन कमी केलं असेल, तर आता ते पुन्हा चढेल. अश्वगंधा चालू असताना थायरॉईडची मात्रा बदलू नये, असं मी सांगतो ते याचसाठी.

आठव्या आठवड्यात झोप आणि थकवा यांत आईंना स्वतःला फरक जाणवत नसेल, तर बाराव्यापर्यंत ओढण्यात फायदा नाही, तिथेच थांबवा. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर चूर्णाची डबी ठेवा. ‘काही आयुर्वेदिक घेते’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही; नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि साखरेची वही दिसली की ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे त्यांना ठरवता येतं.